करंट म्हणजे धावणारा

मुर्री,
दि. २२ नोव्हेंबर २००९

प्रिय योगेश्वरीताईस,
दुर्गेशचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. रुचिचा खोकला गेला. सहामाहीत इंग्रजीत पहिली आली. मामा मास्तर आहे म्हणून नव्हे, अभ्यास करते म्हणून. तुझा धान कापून झाला का?

कालचं सांगतो. दुपारी तुझी लेक माझा जाड शब्दकोश उघडून बसली होती.

"मामा, एका 'करंट'चे किती अर्थ! नहराच्या पाण्याची धार करंट, बिजली करंट, आता जे चालू आहे तेबी करंट." मूळ लॅटिन, अर्थ 'धावणे', हेही तिनंच वाचलं. पाण्याला हा शब्द आधी मिळाला, विजेला फार नंतर. मी शाबास म्हटलं.

मग म्हणाली, "म्हंजे करंट कुठून तरी धावत येते. बाबाले लागला तवा मोटार त बंद होती. मी सोता पाह्यली. मंग तो कुठून आला, मामा?"

चहा ठेवायचं निमित्त करून मी उठलो.

ताई, तीन वर्षांत तू हे कधी विचारलं नाहीस. दवनीवाड्याच्या शेतात भाऊजी पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून गेले, असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. मोटारीचा काही दोष नव्हता. रानडुकरं धान तुडवत होती, म्हणून मी खांबावर आकडा टाकून आपल्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर उघडी तार ओढली होती. भाऊजींना सांगितलं नाही. ते रागावले असते. तेव्हा मी तिथंच राहायचो, रोज उजाडायच्या आत तार काढून घ्यायचो. त्या दिवशी झोप लागून गेली.

पोचलो तेव्हा ते तारेवर पडलेले होते. आकडा काढला. तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी तार गुंडाळून नाल्यात फेकली, त्यांना मोटारीपाशी ओढत नेलं आणि मग ओरडलो. चिखलात त्यांच्या टाचांची रेघ उमटली होती, ती पायानं पुसली. फळ्यावर रेघ ओढतो तेव्हा अजून तीच दिसते. ओढताना त्यांचा श्वास चालू होता का, हे मी पाहिलं नाही, ताई. पाहिलंच नाही.

चहा घेऊन आलो तर रुचिनं कोश मिटला होता. "राहू द्या मामा," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

आज मी पोलीस ठाण्यात हे सगळं सांगायला जातो आहे. तुला आधी कळावं म्हणून हे लिहिलं. रुचिला शेजारच्या भैय्यालालकाकांसोबत तुझ्याकडे पाठवतो आहे. पत्र तिच्याच हाती दिलं आहे, आणि पाकीट चिकटवलेलं नाही.

दुर्गेश