लिंबाच्या नावावरची ओळ

बोरी, ता. जिंतूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय लिंबा,

नमस्कार. कमलमावशींना आणि रेणुकावहिनींना माझा नमस्कार सांग. आम्ही सगळे इकडं बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण इथं सगळे म्हणजे मी एकटाच. निवेदिताची बदली नांदेडला झाली, सृष्टी तिच्यासोबत तिथल्याच शाळेत जाते. आधी दर शनिवारी यायच्या. आता सृष्टीचा क्लास असतो, म्हणून महिन्यातून एकदा.

अक्षराला हसू नको. सही सोडली तर पेनानं काही लिहून कितीतरी वर्षं झाली. फोन करायला तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून रेघांचे कागद आणले. दुकानदार विचारायला लागला, पोरीचा अभ्यास का? हो म्हणलं.

कापसाचा एक वेचा झाला, तूर बरी आहे. शेत दत्ताकाकाच बघतो. मी वरच्या खोलीत टेबल टाकून बसलेला असतो. कंपनी परदेशातली, सोबतची माणसं सतरा गावची, एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. सकाळी दूधवाल्याशी बोलतो, मग दिवसभर कुणाशीच नाही. परवा पंखा कुरकुरायला लागला तर त्याला मोठ्यानं म्हणलं, बस की बाबा आता. आणि लय बरं वाटलं रे, कुणाशी तरी बोललो म्हणून.

काम आपलंच जुनं. पुण्याच्या कंपनीत आपण लिहिलेली ती फाइल सिस्टिम आता सगळ्यांसाठी खुली झालीय, कुणीही वापरावी, कुणीही दुरुस्त करावी. तू नव्या पोरांना ती कशी समजावून सांगायचास ते अजून आठवतं. पाळीची विहीर आहे, सात घरांच्या मोटारी. एकाची चालू असली की बाकीच्यांनी थांबायचं. आणि एखाद्याची मोटार जळाली तर त्यानं जळाली म्हणून ओरडून सांगायचं, नाहीतर बाकीचे ताटकळत बसतात. तसंच हे, मशीन पुष्कळ आणि सगळ्यांच्या फाइली एकाच जागी.

तर चूक झाल्यावर जिथं कुणी ओरडतच नाही, अशा जागा शोधून दुरुस्त करायच्या, हे माझं काम. कुठं कोडनं आपली पाळी म्हणून फाइलला कुलूप लावलंय आणि चूक झाल्यावर ते न काढताच मागं फिरलाय. कुठं डिस्क म्हणतेय की मला लिहिता आलं नाही, आणि आपला कोड पुढं कळवतोय की लिहून झालं. एकेचाळीस जागा दुरुस्त केल्या. कंटाळवाणं काम आहे, पण माझा वेळ जातो.

बेचाळिसावी जागा मागच्या सोमवारी सापडली. सापडली हा शब्द बरोबर नाही. मला ती कुठं आहे ते माहीत होतं आणि मी तिला शेवटी ठेवलं होतं.

तीच जागा, लिंबा. जिच्यामुळं त्या गिऱ्हाइकाच्या दोन दिवसांच्या नोंदी गेल्या आणि तुझी नोकरी गेली. तो कोपरा कुणी फारसा वापरत नाही, म्हणून इतकी वर्षं तशीच राहिली.

दुरुस्ती पाच ओळींची. पण आता नियम असा आहे, की कुठल्या जुन्या बदलातली चूक आपण काढतोय आणि तो बदल कुणाचा, हे दुरुस्तीखाली लिहावं लागतं. जुन्या नोंदीत नाव तुझं. मी ते लिहिलं. दुसरं काहीच लिहिलं नाही. गुरुवारी पाठवून दिलं आणि खाली जाऊन चहा केला.

त्याची एक प्रत मूळ लिहिणाऱ्याला आपोआप जाते. तुझ्या कंपनीतल्या जुन्या ई-मेलवर गेली आणि चहा उकळायच्या आत परत आली. या पत्त्यावर कुणी नाही, असा निरोप. शुक्रवारी सोबतच्या एकानं खाली शेरा मारला, की इतकी साधी गोष्ट मूळ लिहिणाऱ्याला दिसली कशी नाही. पुढं हसरं तोंड काढलं होतं. त्या हसऱ्या तोंडाकडं बघत मी दुपारभर बसलो. जेवलो नाही.

आता तुला आठवतं का बघ. २०१६ सालचा एप्रिल. कमलमावशी पहिल्यांदा पुण्याला यायच्या होत्या आणि तू त्यांना उतरवून घ्यायला स्वारगेटला गेला होतास. माझं स्वतःचं कॉम्प्युटरवरचं खातं कंपनीनं तीन महिने उघडून दिलं नव्हतं, तोवर मी तुझ्याच मशीनवर, तुझ्याच नावानं काम करायचो. नंतर माझं खातं उघडलं तरी सवय गेली नाही. एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो, नाव तेवढं वेगळं कशाला, असं तूच म्हणायचास. त्या दुपारी तुझ्या खुर्चीत मी बसलो होतो. डिस्ककडून आलेलं उत्तर तपासायची ओळ मी उद्यावर ठेवली. उद्या विसरलो.

चार महिन्यांनी मीटिंग झाली. साहेबांनी पडद्यावर ती ओळ दाखवली, बाजूला तुझं नाव. हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. मी पहिल्या नजरेत ओळखलं होतं, लिंबा. माझीच ओळ. तू कितीतरी वेळ पडद्याकडं बघत होतास, आठवायचा प्रयत्न करत होतास. मग एकदा माझ्याकडं बघितलंस. मी पाण्याच्या बाटलीचं टोपण फिरवत होतो.

तू म्हणालास, "नाव माझं हाय, म्हंजी मीच लिहिलं असंल."

निवेदिताचे दिवस भरत आले होते. हे कारण मी स्वतःला आठ वर्षं सांगितलं. सृष्टी आता तिसरीत आहे.

मला वाटायचं, तुला माहीत आहे. मित्र म्हणून तू ते अंगावर घेतलंस आणि रागानं बोलणं सोडलंस. तसं समजलं की मला जरा सोपं जायचं. मागच्या वर्षी तुझ्या गावी, पालमला आलो होतो. तू तुझ्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात एका जळालेल्या मोटारीत तार भरत होतास, मान खाली. मी समोर रसाच्या गाड्यापाशी उभा राहिलो आणि त्याच एसटीनं परत फिरलो.

पण मेमध्ये गंगाखेडच्या लग्नात कमलमावशी भेटल्या. मला बाजूला घेऊन बसल्या. म्हणाल्या, तुझी पोरगी राजेश्री कॉम्प्युटर मागायलीय, वहिनींचंही मन आहे, पण तू घरात येऊ देईनास. मावशींनी कारण विचारलं तर म्हणालास, "माझ्या हातनं लोकायचं नुकसान झालंय. मला ती चूक करताना दिसलीच न्हाई, आई. पुन्हा त्याच्या वाटंला जायचं न्हाई." मावशी मलाच म्हणाल्या, तू त्याचा दोस्त हायस, समजावून सांग की. मी हो म्हणलं. ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठलो.

म्हणजे तुला माहीतच नव्हतं. तुला खरंच वाटलं की ते तू लिहिलंस. माझ्यापेक्षा तुझा हात कितीतरी चांगला होता, आणि तू स्वतःच्याच हातावरचा भरवसा सोडलास. हे कळूनही मी सहा महिने गप्प बसलो, आणि गुरुवारी तुझं नाव दुसऱ्यांदा चुकीपुढं लिहिलं. असा माणूस आहे मी. एकटा पडलो म्हणून कुणावर रुसायचं?

आज सकाळी ती दुरुस्ती मागं घेतली आणि नवी पाठवली. जुनं नाव कुणालाच पुसता येत नाही, पण त्याखाली चार वाक्यं जोडली. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणलीत, सोबत ठेवलीत. इंग्रजीत आहेत. अर्थ असा: जुन्या नोंदीत नाव लिंबाजींचं असलं तरी हा बदल त्यांचा नाही. त्या दिवशी ते जागेवर नव्हते. त्यांच्या मशीनवर बसून तो मी लिहिला. ही गोष्ट मला २०१६ पासून माहीत होती.

जगात कुणीही ती ओळ उघडली की हे आता वाचेल. कंपनी मला काय म्हणेल ते उद्या कळेल. जे म्हणेल ते ऐकून घेईन.

माफ कर असं लिहिणार होतो, खोडलं. ते तुझ्या दारात उभं राहून म्हणेन. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. दुकानात गिऱ्हाईक असलं तर बाहेर थांबेन. तू मान वर केली नाहीस तरी या वेळी परत फिरणार नाही.

तो कागद आधी राजेश्रीला वाचायला दे. मग तिला कॉम्प्युटर आण आणि शेजारी बसून तूच शिकव. तुझ्या हातून कुणाचं काही नुकसान झालेलं नाही, लिंबा.

तुझ्या खुर्चीत बसून ती ओळ लिहिणारा,
भुजंग