एकतिसावी खाच

तळवडे,
ता. १२ ऑगस्ट १९५६

ती. अर्जुनदादास,
भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल. पण दादा, आधी खाली बसा आणि मग पुढचं वाचा. तुमची बोट सापडली! तीच, नंबर २१७. लढाईत विमान समुद्रात पडलं की आतली माणसं पाण्यातून वेचून आणायची ती. तुम्ही आणि सयाजी तिच्यावर होतात, हे अख्खं गाव आजवर थाप समजत होतं. ती देहूरोडला एका ठेकेदाराच्या आवारात उभी आहे. लष्कराचा उरलासुरला माल त्याने घाऊक उचलला, त्यात आली. इथे समुद्र नाही, म्हणजे बोट असणारच नाही, असा हिशेब करून त्याच्या कारकुनाने कागदावर 'लाकडी पेटी, मोठी, नग एक' असं लिहिलंय. पेटीला सुकाणू कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, लष्कराची पेटी आहे, विचारायचं नसतं. दिवाळीआधी तिचं सरपण व्हायचं होतं. मी मागून घेतली.

सुकाणूजवळच्या फळीवर सयाजीने पाडलेल्या खाचा अजून आहेत, वाचवलेल्या एका माणसामागे एक. मी तीनदा मोजल्या, एकतीस भरतात. तुम्ही तर कायम तीस सांगता. हे कसं?

कुशाकाकूचं तेच. दिसत नाही, पण तोंड शाबूत. बारा वर्षं झाली, पण पितरांत लेकाचं, सयाजीचं, पान वाढू देत नाही. बोटच नव्हती तर बुडेल कशातून, कुण्या गोरीकडे भांडी घासत असेल, असं म्हणते आणि रोज सकाळी सयाजीला शिव्या घालते. आता बोट दाराशी आली की तिला मानावंच लागेल. म्हणून मी ही बोट जपणार.

लोभ आहेच, तो मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजू देऊ नये.

आपला,
भिमाजी


माझगाव, मुंबई,
ता. १९ ऑगस्ट १९५६

चि. भिमाजीस अनेक आशीर्वाद.

तुला वेड लागलंय का? मी वर्कशॉपात रोज बोटीच बघतो. जुनी बोट म्हणजे वाळवी आणि विंचू. शिवाय तिचा पायगुण वाईट. शिवाय ती ती नसेलच, २१७ नंबरच्या पुष्कळ बोटी असतील. खाचा तीसच आहेत. एकतिसावी कुणा रिकामटेकड्याने मारली असेल. आणलीसच तर ती फळी आधी रंध्याने साफ कर. आणि काकूला बोटीत चढवू नकोस, या वयात पडायची.

तिला नेहमीप्रमाणे लुगडं पाठवलं आहे. प्रकृतीस जप, डोक्यास अधिक.

तुझा,
अर्जुन


तळवडे,
ता. २५ सप्टेंबर १९५६

ती. दादास, भिमाजीचा सा. न. वि. वि.

बोट आली! चौदा बैलजोड्या लागल्या. नाकेदाराच्या यादीत बोट नव्हती, त्याने 'घर, चालते' असं लिहून सोडलं. वेशीवर सौ. कुसुम तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला उभी होती, पण तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं यावर तासभर वाद झाला. शेवटी दोन्ही टोकांना ओवाळलं. बोटीला दहा वर्षांनी पाणी दिसलं, ते एक तांब्या.

आता ती खळ्यावर दगडांच्या टेकूवर आहे. सरपंच बबनराव रुबाबात वर चढले आणि त्यांना बोट लागली. कोरड्या खळ्यावर, दादा! उतरल्यावरही दोन दिवस पेजेवर होते. तेव्हापासून कुणी तुमच्या गोष्टींना थापा म्हणत नाही.

पण वाईट सांगतो, रागावू नका. मी कामावर असताना घटस्थापनेची साफसफाई निघाली. कुसुमने आणि आळीतल्या बायकांनी घरं झाली, गोठे झाले, मग बोट बिचारी का राहावी म्हणून आतून झाडून चुना मारला. दोन हात! खाचांची फळीसुद्धा पांढरीफेक. मी डोक्याला हात लावून बसलो. आता काकूला काय पुरावा देऊ? सर्वपित्री तोंडावर आली.

लोभ थोडा इकडेही पाठवावा, या घरात मला कुणी विचारत नाही.

आपला,
भिमाजी


मुंबई,
ता. २९ सप्टेंबर १९५६

चि. भिमाजीस आशीर्वाद.

चुना लागला हे फारच उत्तम झालं. कुसुमला माझी शाबासकी सांग, तिच्यासाठीही लुगडं पाठवतो. आता खरवडू मात्र नकोस.

अर्जुन


तळवडे,
ता. ६ ऑक्टोबर १९५६

चि. अर्जुनास कुशाकाकूचा आशीर्वाद.

लिवनार भिमाजी, बोलनार मी. त्यानं मधी काय घुसडलं तर त्याचं कान उपटीन.

तुजं पत्र भिमाजीनं वाचलं. चुना लागला त्याचा येवढा आनंद? मंग मी म्हनलं, मला बोटीत चढवा. माजं डोळं गेलं, बोटं न्हाई गेली. खाचा खोल हायती, चुन्याखाली बी लागत्यात. तीस खाचा एका अंगाला कललेल्या. माजा सयाजी डावखुरा, त्यानं तोडलेला ऊस मी ढिगातनं वळखायची. एकतिसावी दुसऱ्या अंगाला कललेली हाय, आन् वाकडीतिकडी. सयाजी बोटीवर असता तर ती बी त्यानंच मारली असती. म्हंजी त्यो नव्हता, कुनाला तरी वर काडून सोता पान्यात ऱ्हायला. म्हंजी बोट खरी, आन् त्यो गेला त्ये बी खरं. मी लई रडले रं. बारा वर्सं पोराला नाय नाय त्या शिव्या दिल्या.

सर्वपित्रीला त्याचं पान वाढलं, बोटीतच वाढलं. कावळा सुकाणूवर यिऊन बसला, पर शिवंना. भिमाजी म्हनला, बोट जपतो. शिवंना. कुसुम म्हनली, पुन्यांदा चुना लावनार न्हाई. शिवंना. बबनराव तर म्हनले, मी जल्मात वर चढनार न्हाई. तरी शिवंना. मंग मी हात जोडलं. म्हनलं, सयाजी, तू पान्यातनं ज्येला वर काडलास, त्येला मी काय बी इचारनार न्हाई. त्यानं निस्तं घरी यावं. तवा शिवला.

लुगडी धाडू नगंस, पेटी भरली. दसऱ्याला ये, म्हाताऱ्या चुलतीच्या हातात सोनं दे. चुना आमी कुनी खरवडला न्हाई. ती खाच तुजी हाय, तूच खरवड.

वाट बघनारी,
तुजी काकू