पत्र्याच्या डब्यातलं रीळ

अण्णा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आज दुपारपासून मला तुमचा असा राग आलाय की भांडायला तुम्ही समोर हवे होतात.

नातीने लॅपटॉपवर एक जुना पिक्चर लावला, हॉलंडचा. कॉलेजात अभ्यासाला आहे म्हणे. पोस्टरवरच्या तोंडांवरून पाच मिनिटांत मी ओळखला. कर्जतला तुमच्या टॉकीजला आलेला तोच! मालकाने पोस्टरवर लाल रंगात ‘फक्त प्रौढांसाठी’ हे भलंमोठं लिहून घेतलं होतं आणि पार पोशीरपासूनचे बाप्ये लोटले होते. मशीन चालवणारे तुम्ही, आणि शाळेत पोरी मला म्हणायच्या, "नागड्या पिक्चरवाल्याची पोर गं ती!" भिसेगावात आईने नळावर जाणं सोडलं. एकदा तुम्हाला वाढताना तिने विचारलं, "येवडं काय हाय हो त्यात?" ताटावरची नजर न उचलता तुम्ही म्हणालात, "काय नाय गं. तुज्या कामाचा नाय तो."

काय नाय? अहो, सगळं होतं त्यात! नागडेपणा आहे, नाही कोण म्हणतंय? पण पुढे त्यातली पोरगी डोक्यातल्या गाठीने आजारी पडते. नवऱ्याला सोडून गेलेली असते, तरी तो हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसतो, हाताने भरवतो. नात सांगत होती, त्यांच्या देशात इतका चाललेला दुसरा पिक्चर नाही. तिथे बायाबाप्ये डोळे पुसत बाहेर पडले असतील, आणि आपल्याकडे पुरुष तोंड लपवून! कारण, तुमच्या माघारी टॉकीजातल्या एकाने सांगितलं, मालक म्हणाला होता, शेवटची रडारड कापा, एक खेळ जास्त बसतो. तुम्ही ब्लेड घेतलंत आणि कापलीत. मालकापुढे नाही बोललात, ठीक. पण आईला तरी सांगायचंत, पिक्चर असा नाय, मी कापलाय. ती बिचारी मरेपर्यंत समजत होती, नवऱ्याने गावाला घाण दाखवली. गप्प बसून सोसलं की माणूस मोठा होतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं हो?

पिक्चर वितरकाकडे परत जाताना कापलेला तुकडा जोडून द्यायचा असतो. टॉकीजात उंदीर, म्हणून तुम्ही तो पत्र्याच्या डब्यात घालून घरी माळ्यावर ठेवला होता. ऐन वेळी डबा रिकामा निघाला, मालकाने तुम्हाला काढलं, आणि मशीनशिवाय कशालाही हात न लावलेला माणूस मोहोपाड्याच्या कंपनीत पिंपं ढकलायला लागला. त्याचाही मला आज रागच येतोय.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. तुम्ही माळा उपसत होतात आणि मला विचारलंत, "बाय, डब्यातला बगितलास का गं?" मी म्हटलं, नाय. अण्णा, ते रीळ त्याच सकाळी मी आंघोळीच्या बंबात घातलं होतं. मला वाटलं, सगळी घाण त्यातच आहे.

बंबाची राख घरात तुम्हीच काढायचात. दुसऱ्या दिवशी सकाळी काढलीत, आणि मग शोधायचं थांबलात.