गच्चीवरच्या वर्गाला तुमचं नाव

सर, काल तुमचा मुलगा साताऱ्याहून मला भेटायला सांगलीला आला होता. शिकाऊ सर्जनांसाठी आम्ही जो रविवारचा वर्ग चालवतो, त्याला तुमचं नाव द्यायचं म्हणतो तो. बाबांनी घडवलेल्या पोरांनी काढलेला वर्ग, म्हणजे बाबांचाच की, असं त्याचं म्हणणं. मी चहा केला आणि विचार करून सांगते म्हणाले. विचार कसला करायचा होता? तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुम्ही आम्हाला घडवलं नाहीत. चिरलेल्या पोटाच्या कडा ओढून धरायला तासन् तास उभं केलंत, एवढंच. ऑपरेशन चालू असताना तुमचा खांदा असा आडवा यायचा, की आत काय चाललंय ते सिस्टरला दिसायचं, मला नाही. एकदा मान वाकडी करून मी विचारलं, सर, टाके इतक्या अंतरावर का घेता? तुमचा हात थांबला नाही. "तू धर. बघायचं काम माझं हाय." सगळे हसले. मेंढरं राखणाऱ्याची पोर सर्जन व्हायला निघालीय, याची तुम्हाला भारी गंमत वाटायची. मला ते कळायचं आणि मी आणखी घट्ट धरायची.

मग तो कवठे महांकाळचा माणूस आला, आतडं फुटलेला. त्या दिवशी तुम्हाला कुठल्याशा लग्नाला पोचायचं होतं. आतडं जोडलंत तुम्ही, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत तुम्हीच. मी पोट उघडं धरून उभी होते. काही दिवसांत टाके गळले, घाण पोटभर पसरली आणि तो गेला. वॉर्डाबाहेर त्याच्या बायकोला तुम्ही सांगताय, टाके या शिकाऊ पोरीनं घातले होते. मी तुमच्या मागेच उभी आहे. ती बाई रडत नाही, नुसती माझ्याकडे बघते. "आवं बाई, येत न्हवतं तर हात कशाला लावला?" तुम्ही घड्याळ बघितलंत आणि राउंडला निघून गेलात.

वर्ग त्यानंतरच्याच रविवारी सुरू झाला. मी आणि माझ्याबरोबरच्या दोघांनी खाटकाकडून बोकडाचं आतडं आणलं, हॉस्टेलच्या गच्चीवर पाटावर पसरलं, कापलं, शिवलं, आणि आत पाणी भरून कुठून गळतं ते बघत बसलो. गळलं की उसवायचं, पुन्हा शिवायचं. टाका फार आवळला की आतडं चिरतं, हे आम्हाला त्या पाण्यानं शिकवलं. आणि एक रीत पाडली, निव्वळ तुमच्यावरच्या रागानं: वर्गात जो सगळ्यात मोठा, त्यानं आधी आपली चूक सांगायची, मगच दोरा हातात घ्यायचा. आता कऱ्हाडहून, मिरजेहून पोरं येतात. कुणालाही आम्ही बाहेर काढत नाही. प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करतात मेली, आणि मला ते फार आवडतं.

तुमच्या मुलाला मी नाही म्हणणार आहे. तो कारण विचारील, आणि तिथंच माझं अडतं. वर्गात आता सगळ्यात मोठी मीच. दर नव्या पोरांपुढे मी त्या कवठे महांकाळच्या माणसाचीच गोष्ट सांगते, आणि सांगते, माझे टाके गळले. पहिल्यांदा तसं सांगितलं तेव्हा माझी परीक्षा तुमच्या हातात होती. आता काय आहे तुमच्या हातात? पोरं ऐकतात, बाई किती मोठ्या मनाच्या म्हणतात. मोठं मन वगैरे काही नाही, सर. हा कागद मी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकणार, तुमच्या मुलालाही दाखवणार नाही. ते टाके तुमचे होते, हे चारचौघांत म्हणायला मला अजून तुमची भीती वाटते.