वेइयोच्या स्केट्सची धार

इइसाल्मी, ९ फेब्रुवारी १९८९

प्रिय एन्सिओ,

अनेक आशीर्वाद. तू, आयला आणि मुली खुशाल असाल असं धरून चालते. इकडे थंडी अशी पडलीय की गाडी सुरू करायच्या आधी तिची मनधरणी करावी लागते. परवा सणाचे मलईचे बन केले. तुझ्या वाटणीचे मीच खाल्ले, तेव्हा त्याबद्दल विचारू नकोस.

फोनवर तू "ताई, पटकन बोल, सराव आहे" म्हणतोस आणि मला काय बोलायचं होतं तेच मी विसरते. म्हणून हे पत्र. निवांत वाच.

गेल्या आठवड्यात तू विचारलंस, "रिकू कसा वाटतो?" तुझ्या हाताखालच्या मोठ्या आइस हॉकी संघात मार्चअखेर एकच जागा होणार, आणि इथल्या पोरांपैकी रिकू किंवा वेइयो यांतला एकच वर जाणार, हे आता गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रिकू छान आहे. गोल करतो, पेपरात फोटो येतो, मला "सिल्वीमावशी" म्हणत खोलीत शिरतो आणि डब्यातली बिस्किटं संपवून जातो. पण तू वेइयोबद्दल काहीच विचारलं नाहीस, आणि माझ्या डोक्यात नेमका त्याचाच भुंगा शिरलाय.

तुला माहीत आहे, इतकी वर्षं मी रिंकमागच्या खोलीत बसून स्केट्सना धार लावतेय. पातं हातात घेतलं की मालक कसा पळतो ते थोडंफार कळतं. रिकूचं पातं आतल्या कडेने झिजतं, कारण तो मोठी मोठी वळणं घेत सुटतो. या वेइयोच्या पात्याच्या दोन्ही कडा सारख्याच बोथट होतात, आणि तेही एका सामन्यात. वर पोलादाला खाचा. बुटाच्या बाहेरच्या अंगाला पोचे. असे स्केट्स मी दुसऱ्या कुणाचेच पाहिलेले नाहीत.

शेवटी त्याला विचारलंच. म्हटलं, "काय रे, या स्केट्सनी लाकडं फोडतोस की काय?"

तो लाजला. म्हणाला, "थांबावं लागतं ना सारखं."

"कशाला थांबायचं? पळायचा खेळ आहे हा."

"सगळेच पळाले तर मग..." एवढं म्हणून त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि स्केट्स घेऊन निघून गेला. आपल्याकडच्या माणसांच्या तोंडून वाक्य पुरं काढणं म्हणजे दाढ उपटण्यासारखंच आहे.

तर सांग मला, हा मुलगा नेमकं करतो काय? अख्ख्या हिवाळ्यात त्याच्या नावावर जेमतेम दोन-तीन गोल आहेत म्हणे. मी काही सामने बघत नाही, तुला ठाऊकच आहे. गारठा, गोंगाट, आणि माझा गुडघा. तेव्हा तूच लिही.

तुझी,
सिल्वी


इइसाल्मी, १ मार्च १९८९

प्रिय एन्सिओ,

तुझं पत्र नाही, फोनही नाही. कामात बुडाला असशील. मीच पुढचं लिहिते, कारण मला राहवत नाहीये.

मंगळवारी मी सामन्याला गेले. हो, मीच. रिंकचा बर्फ सपाट करायचं यंत्र चालवणारा आपला तोइवो मला बाकावर बघून म्हणाला, "सिल्वी, वाट चुकलीस का? तुझी खोली तिकडे आहे."

म्हटलं, "मी एकाच माणसाचे पाय बघायला आलेय."

"या वयात?" तो म्हणाला. त्याला कॉफी पाजून गप्प बसवला.

मी ठरवलं होतं की ती पकची काळी चकती कुठे का जाईना, आपण वेइयोच्या पायांवरून नजर हलवायची नाही. तू कधी असं बघितलंयस का? फार अवघड जातं, डोळे आपोआप पकमागे धावतात. सुरुवातीला मला काही कळेना. मग आपल्या एकाने समोरच्याला काठी मारली आणि शिक्षा म्हणून आपलाच गडी दोन मिनिटं बाहेर बसला. ते पाच, आपले चार. वेइयो उतरला.

तो पकवर धावूनच जाईना. अर्धं पाऊल जायचा, थांबायचा, पुन्हा अर्धं पाऊल मागे यायचा. ते पाचजण पक इकडून तिकडे, तिकडून इकडे देत होते, आणि ज्याला द्यायचा तो मोकळा दिसला रे दिसला की त्या वाटेवर वेइयोची काठी आडवी पडलेली असायची. आजूबाजूचे लोक ओरडत होते, "अरे, घे ना अंगावर! झोपलास का?" आपला तोइवोही ओरडत होता. मी मात्र बघत होते की जो पुढे जाईल त्याच्या मागे भलंमोठं भगदाड पडेल, आणि ते पाचजण त्याचीच वाट बघताहेत. ओढ लागलेली असतानाही तो जात नव्हता. एन्सिओ, न जाण्यात किती मेहनत असते, ते त्या पात्यांनी मला आधीच सांगितलं होतं, मला वाचता येत नव्हतं इतकंच.

शेवटी त्यांच्या तगड्या गड्याने वैतागून जोरात पक हाणला. तो वेइयोच्या घोट्यावर बसला. वेइयो खाली पडला, उठला, आणि एका पायावर उभा राहून त्याने तो पक थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला. दोन मिनिटं संपली. बाहेर बसलेला गडी परत आला. टाळी कुणीच वाजवली नाही. काहीच घडलं नव्हतं ना, टाळी कशाला वाजवायची? लोक कॉफी आणायला उठले. दुसऱ्या दिवशी पेपरात रिकूचा फोटो.

तू त्याला घे. रिकू गोड आहे, त्याला कुणीही उचलून घेईल. याला तू घेतलं नाहीस तर हा वसंतात घरी जाऊन बापाच्या लाकूडगिरणीत लागणार, असं तोइवो सांगतो. हे झालं त्याच्याबद्दल.

आता दुसरं. हे लिहू की नको, असा विचार करत मी दोनदा कॉफी केली.

माझा गुडघा ठणठणीत आहे. गेली कित्येक वर्षं ठणठणीत आहे. मी सामने बघत नाही कारण मला ते बघवत नाहीत. पोरोवेसी तळ्यावर आपण खेळायचो ते आठवतं? दुधाचे दोन कॅन, तोच गोल. तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण हुकूम सगळे तुझेच. "ताई, तू मागे." रोज तेच. तुम्ही पोरं धक्क्याच्या बाजूला आरडाओरडा करत गोल करायचात आणि मी एकटी मागे, वाऱ्यात. मग क्लब आला. क्लबला फक्त मुलगे हवे होते. तू गेलास, आणि मला धार लावायला तुझे स्केट्स मिळाले. तू परत बोलला नाहीस त्याबद्दल, मीही नाही.

मंगळवारी तो मुलगा अर्धं पाऊल सरकला की बाकाखाली माझाही पाय तेवढाच सरकत होता. माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं. घरी येऊन मी रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय. रागाने विचारत नाहीये. तू मला मागे ठेवायचास ते मला तिथलं काम जमायचं म्हणून, की मी पुढे तुमच्या मध्ये मध्ये यायचे म्हणून?

उत्तराची वाट पाहणारी,
सिल्वी


१९ मार्च

ताई,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तरी लिहितोय.

वेइयोला चाचणीसाठी बोलावून एक सामना खेळवला. तू सांगितलंस तसे त्याचे पाय बघितले. सामन्यानंतर आमचा गोलकीपर विचारत होता, "हा कोण आणलात? आज मला समोरचं सगळं दिसत होतं." त्याला ठेवून घेतलाय. रिकूला शरदात बघू, त्याला मी स्वतः फोन केला. चिडलाय, पण चिडू दे.

तुझा प्रश्न. पहिल्या दिवशी तुला मागे ठेवलं कारण मागे राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि मुलगी पुढे आली असती तर पोरं मला हसली असती. खरं ते हे आहे. तुला खरं हवं होतं.

पण दुसऱ्या हिवाळ्यापासूनचं तुला माहीत नाही. गडी वाटून घ्यायच्या आधी मी आणि धक्क्यापलीकडचा रेइनो बाजूला जाऊन बोलायचो, आठवतं? तो म्हणायचा, सिल्वी मला दे. मी नाही म्हणायचो. त्याच्या बदल्यात मी त्याला दर वेळी चांगली बाजू द्यायचो. आपला संघ कायम वाऱ्याच्या तोंडाला का खेळायचा, असं तू विचारायचीस. ते यामुळे.

हे तुला तेव्हाच का सांगितलं नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. तू मागे असलीस की मला वळून बघावं लागायचं नाही. म्हणून मी बघितलंच नाही.

ईस्टरला येतोय. तळं तोवर गोठलेलं असेल. माझ्या स्केट्सना धार नाहीये. तुझेही काढून ठेव.

तुझ्या जिवावर पुढे पळालेला,
एन्सिओ