पंख्याखालचा मुतखडा

तीर्थरूप मामांना,

तुमच्या वैद्यीणबाईचा वाकून नमस्कार. मामीलाही नमस्कार, आणि तिच्या गुडघ्यांची वेगळी चौकशी. (गुडघ्यांचं उत्तर तिनंच लिहायचं आहे. तुम्ही लिहिलंत की ‘बरे आहेत’ एवढ्यावर उरकता.) तुमची प्रकृती कशी आहे हे मी मुद्दामच विचारत नाही, कारण तुम्ही खरं सांगणार नाही आणि मग मला खोटं वाचून बरं वाटल्यासारखं दाखवावं लागेल. पत्र लिहायचं कारण एवढंच की मुतखडा हा शब्द उच्चारला की तुमच्या फोनची रेंज जाते. कागदाची जात नाही.

मामा, तुम्ही चारचौघांत जाहीर केलं आहे की भाचीचं संशोधन पुरं होऊ दे, मग भाचीचाच काढा घेईन, तोवर सर्जनच्या दारात पाय ठेवणार नाही. वर त्याला तुमच्या धंद्यातला दाखला जोडलात, की चालतं घड्याळ उघडायचं नसतं. जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसापुढे आम्ही काय बोलणार? शिवाय माझ्या खोलीवरून तुम्ही परस्पर उचललेल्या बाटलीनं तुमची कळ म्हणे निम्म्यावर आली आहे, आणि ही बातमी तुमच्या गल्लीतच नाही तर पुढच्या दोन गल्ल्यांतही पोचली आहे. तेव्हा त्या संशोधनाचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे. हसू आलं तर हसा, पण कळ येईल इतकं हसू नका.

काम तसं सरळ होतं. पाषाणभेद, गोखरू आणि वरुणाची साल यांचा काढा मुतखड्यावर द्यावा असं आमच्या जुन्या ग्रंथांत सांगितलं आहे. पण तो किती जणांना लागू पडतो आणि किती जणांचा खडा नुसत्या पाण्यानंच वाहून जातो, हे मोजून पाहिल्याशिवाय कसं कळणार? म्हणून निम्म्या रुग्णांना खरा काढा द्यायचा आणि निम्म्यांना नुसता दिसायला काढा. एकाच्या बाटलीला निळं झाकण, दुसऱ्याच्या बाटलीला पांढरं. कोणत्या झाकणाखाली काय आहे हे रुग्णांना माहीत नाही आणि मलाही नाही. ते फक्त आमच्या रसशाळेच्या प्रमुखांना ठाऊक. (रसशाळा म्हणजे औषधं उकळायची जागा. तिथून नुसतं फिरून आलं तरी उशीला सालीचा वास लागतो.) रुग्णांनी भरपूर पाणी प्यायचं, लघवी गाळणीतून करायची आणि खडा पडला तर डबीत घालून आणायचा. तेव्हापासून माझ्याकडे चहाला येणारी माणसं आधी गाळणी निरखून पाहतात, आणि बरीचशी लिंबूपाण्यावर भागवतात.

बाटल्या घ्यायला ही मंडळी दर मंगळवारी ओपीडीबाहेरच्या लांब बाकावर येऊन बसत. मुतखडा माणसांना फार लवकर जवळ आणतो, मामा. एरवी जी गोष्ट घरातसुद्धा कुजबुजत सांगायची, ती इथे पहिल्या पाच मिनिटांत मोठ्यानं होते. त्यांच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली तरी शिस्त सुटली नव्हती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाकावर बसायचा क्रम लावून दिला, ज्याचा खडा मोठा त्याला पंख्याखालची जागा. ती जागा एका ट्रकचालकांना मिळाली, साडेसहा मिलिमीटरच्या जोरावर. त्यांच्या शेजारच्या शिंपीकाकांचा जेमतेम साडेचारचा. काका दोनदा माझ्याकडे येऊन गेले की पुन्हा एकदा मोजा, कापडात एवढी चूक मी कधी करत नाही. मी पुन्हा मोजलं तर चारच भरला. (त्या दिवशी ते घरी जाताना माझ्याशी बोलले नाहीत.)

एका मंगळवारी ट्रकचालकांना बाकावरच कळ आली, पाठीत सुरू होऊन जांघेत उतरणारी. एवढा धिप्पाड माणूस, पण बाकाची कड धरून रडत होता. आम्ही त्यांना आत नेऊन इंजेक्शन दिलं आणि तासाभरात ते चहा मागायला लागले. पण मधल्या वेळात बाहेर मुख्याध्यापिका बाईंनी त्यांच्या निळ्या झाकणाच्या बाटलीतला काढा चाखला होता. बेताचा तुरट लागला. मग स्वतःच्या पांढऱ्या झाकणाचा चाखला, तो जहर कडू. बाईंना क्षणात सगळा उलगडा झाला. कडू तेच औषध, हे लहानपणापासून त्यांना नाक दाबून चमचा पाजून शिकवलेलं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त दुखतंय त्यालाच या वैद्यीणबाईंनी पाणचट बाटली दिली! काय हा अन्याय!

आणि इथे, मामा, माझं संशोधन बुडालं. चोरीनं नाही, आळसानं नाही, माणुसकीनं. महिनाभरानं मी मागच्या जिन्यानं लवकर आले, तर बाकाशेजारी स्टीलची मोठी कळशी, तिच्यावर नरसाळं आणि सगळे रुग्ण हातात बाटल्या घेऊन शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे. बाई सगळ्यांचा काढा कळशीत एकत्र करत होत्या आणि पुन्हा सारखा वाटून देत होत्या. मला बघून कोणी दचकलंसुद्धा नाही. उलट बाईंनी पळी उंच धरून मोठ्या अभिमानानं सांगितलं, “बघा, आम्ही कुणावर अन्याय होऊ दिला नाही.” शिंपीकाकांनी तर त्यांच्या वाट्याचा घोट ट्रकचालकांना दिला होता, मोजमापाचं दुःख विसरून. मी आत गेले, दार लावलं आणि आधी हसले. मग तीन वर्षांची तयारी आठवली आणि पदर डोळ्यांना लावून रडले. (पदर कसला, ॲप्रनच. त्याला पाषाणभेदाचे डाग होते, ते डोळ्यांना चांगलेच झोंबले.)

आता कोणाला किती खरं पोचलं आणि किती खोटं, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता यायचं नाही. खडे पडले, बऱ्याच जणांचे पडले, डब्या भरून आल्या. एका हितचिंतक सहकाऱ्यानं सुचवलं की कळशीबद्दल कशाला बोलायचं, आकडे छान आहेत, छापून टाक. एक दुपारभर मी तो विचार केलासुद्धा, लपवत नाही. मग आमच्या मार्गदर्शक बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “तुला नेमकं वाईट कशाचं वाटतंय?” मी म्हटलं, कळशीचं. ते खरं उत्तर नव्हतं. काम थांबवलं. थांबवलं म्हणून मग रसशाळाप्रमुखांनी झाकणांचं गुपित फोडलं. निळ्या झाकणाखाली, तो बेताचा तुरट, खरा काढा होता. आणि पांढऱ्या झाकणाखाली करपवलेल्या साखरेचं पाणी, ज्यात प्रमुखांनी कोणाला संशय येऊ नये म्हणून नावापुरतं कडू काडेचिराईत घातलं होतं. (त्यांचा हात सैल आहे हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे.) ज्या घोटासाठी बाकावर एवढी माया उतू चालली होती, ते गोडाचं पाणी कडू करून दिलेलं! मुख्याध्यापिका बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग कळशीनंतर ट्रकचालकांचं दुखायचं कमी झालं, ते कशानं?” मी म्हटलं, मला माहीत नाही. इतकं खरं वाक्य मी गेल्या तीन वर्षांत उच्चारलं नव्हतं.

मार्गदर्शक बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला आता सापडलं आहे, आणि ते तुम्हालाच सांगायचं आहे. मला तो काढा खरा ठरायला हवा होता. तपासायचं नाव, पण मनातून आधीच निकाल लावून बसले होते. कारण तुम्ही वाट बघत होतात. लहानपणी मी बाहुलीला हळदीचं पाणी पाजायचे तेव्हा तुम्ही दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून तिची नाडी बघायचात आणि म्हणायचात, वैद्यीणबाई, उतार आहे. त्या माणसाला माझ्या हातचं औषध लागू पडावं असं वाटणं गुन्हा नाही, पण ते संशोधनही नाही. मी काम पुन्हा सुरू करणार आहे. कदाचित काढा उपयोगी ठरेल, कदाचित नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. माझ्या अभ्यासात फक्त लहान खडे घेतात. तुमचा चौदा मिलिमीटरचा आहे आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडाला सूज दिसते आहे. तुम्ही त्या बाकावर आला असतात तर पंख्याखालची जागा तुम्हाला बिनविरोध मिळाली असती, आणि मी, तुमची सख्खी भाची, तुम्हाला बाटली न देता हाताला धरून समोरच्या इमारतीत सर्जनकडे नेऊन बसवलं असतं. तसं मी दर महिन्याला परक्या माणसांना नेते. मामा, मला भीती वाटते. एवढंच साधं आहे.

मामीला सांभाळा. स्वतःला सांभाळता असं म्हणू नका.

तुमची,
वैद्यीणबाई

ता. क. गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. दुर्बिणीतून काढतात, मोठं कापाकापीचं काम नाही. मामीनं पिशवी भरून पलंगाखाली ठेवली आहे. ती तुम्हाला सापडली असेल तर तिच्यावर रागावू नका, ते माझं काम.

ता. क. दोन. माझ्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ, जे तुम्ही मागच्या खेपेला कळ येत होती म्हणून न उघडताच नुसतं झटकून चालू केलंत, ते दुसऱ्या दिवशीच बंद पडलं. आत कण अडकला असेल तर उघडावंच लागतं, हे तुमच्याच दुकानात शिकले आहे.

ता. क. तीन. तुम्ही माझ्या टेबलावरून जी बाटली नेलीत आणि जिनं तुमची कळ निम्मी झाली, तिचं झाकण पांढरं होतं. मामीकडून खात्री करून घेतली. तेव्हा ते पाणी तीन गल्ल्यांत वाटायचं थांबवा. औषध त्यात काहीच नव्हतं मामा. माझ्या हाताला गुण आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगता ना? मग बाटली ठेवा आणि गुरुवारी तो हात धरा. मी नऊ वाजता दाराशी येते.