आतली कडी

वाशी, सोमवार, १ ऑक्टोबर १९७९

उपास सुटून तास झाला. साराने मनुकांचं सरबत पुढ्यात ठेवलंय, पण ते बाजूला सारून हे लिहायला बसलोय.

आम्हा मराठी ज्यूंचा दारफळणीचा सण, दारं मिटण्याचा, लहानपणापासून पाळत आलोय. पांढरे कपडे घालायचे, दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही आणि दिवसभर देवाची माफी मागायची. आजही सकाळपासून आतून कडी होती.

दुपारी दार वाजलं. सारा उठली. "अहो, रिबका आहे." धर्माबाहेर लग्न करून गेलेली आमची मुलगी, दोन वर्षांनी आलेली. साराचा हात कडीपर्यंत गेला. मी म्हटलं, "आज दार उघडत नाहीत."

सणासाठी म्हणालो का मी? इथे तरी खोटं कशाला लिहू. सण नसता तरी उघडलं नसतं.

चांदण्या दिसल्यावर कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. समोरच्या जोशीवहिनी म्हणाल्या, "तुमची रिबका आत्ताच गेली हो. दुपारपासून जिन्यात बसली होती, पांढरी साडी नेसून. पाणी दिलं तर घेईना. म्हणाली, आज उपास आहे."

एका बोटाने निघते ती कडी.

दिवस मावळतानाची शेवटची प्रार्थना मी नेहमी मोठ्याने म्हणतो. आजही म्हटली. देवा, दारं मिटायची वेळ झाली, आमच्यासाठी दार उघड.

तेव्हा ती बाहेरच बसली होती.